कस्तुराक्कांकडे ठेवलेलं प्रस्थान

कृष्णाबाईंनी एकतीस वर्षं बंगळुरात, जयनगरच्या एका शाळेत भूगोल शिकवला. त्या एकतीस वर्षांत त्यांनी फळ्यावर इंग्लंड इतक्या वेळा काढलं होतं की डोळे मिटून काढायला सांगितलं असतं तरी एक खाडी चुकली नसती. लंडनच्या शेजारी ग्रिनिच म्हणून एक गाव आहे, तिथून शून्य रेखांश जातो, असं सांगून त्या खडूनं वरून खाली एक रेघ ओढायच्या. दरवर्षी कुणीतरी पोरगी हात वर करायचीच, "मिस्, तुम्ही पाहिलीय ती रेघ?" दरवर्षी कृष्णाबाई "नाही" म्हणायच्या आणि पुढचा धडा काढायच्या. १९९६ च्या मार्चमध्ये निवृत्तीचा हार गळ्यात पडला, त्याच संध्याकाळी त्यांनी बसवनगुडीतल्या घरी येऊन जाहीर केलं की आता मी इंग्लंडला जाऊन येणार, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर "हो" म्हणायचंय.

त्यांचे यजमान अप्पासाहेब. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि नोकरी सुटल्यापासून सगळी निष्ठा पंचांगाला वाहिलेले. ते नको म्हणाले नाहीत. "तू जा. मी काही येत नाही," एवढंच म्हणाले. "ज्या गाडीचं चाक जमिनीला टेकत नाही, त्या गाडीत मी बसायचा नाही." वास्तविक या घराण्याला प्रवासाचं वावडं असायचं कारण नव्हतं. पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आले, ते साडेतीनशे वर्षं झाली तरी परत गेलेले नाहीत. त्या काळी व्हिसा नव्हता म्हणून निभावलं.

व्हिसाचं सगळं रविकिरण बघत होता. जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात त्याची प्रवास कंपनी होती. हा कृष्णाबाईंचाच जुना विद्यार्थी. सातवीत यानं श्रीलंका अरबी समुद्रात दाखवली होती, आणि आता तो लोकांना जगभर पाठवत होता. त्यानं कृष्णाबाईंकडून बँकेचं पत्र घेतलं, पेन्शनचा कागद घेतला, घरपट्टीची पावती घेतली, अप्पासाहेबांचं "माझी हरकत नाही" असं पत्र घेतलं. फोटो तर तीनदा काढून घेतले, कारण पहिल्यात कान दिसत नव्हते आणि दुसऱ्यात कृष्णाबाई वर्गावर ओरडल्यासारख्या दिसत होत्या.

"मिस्, हे सगळे कागद एकाच प्रश्नासाठी," त्यानं समजावलं. "तिथं काय बघणार, कुठं राहणार, हे ते विचारतील न विचारतील. खरा प्रश्न एकच. परत येणार का? तुम्ही आपलं घर, घर आणि घर एवढंच बोला. घरी यजमान आहेत, घरी तुळस आहे, घरी जायचंय. आणि त्या शहाजीराजांच्या फौजेचं तेवढं काढू नका."

फॉर्म आणि झेरॉक्स प्रती मद्रासला, इंग्लंडच्या कचेरीत गेल्या. मुलाखतीची तारीख तिकडून कळायची होती. विमान रविवारी, सव्वीस मेला होतं.

रविवार म्हटल्यावर अप्पासाहेबांनी पंचांग काढलं. रविवारी पश्चिमेला दिशाशूल, म्हणजे त्या वारी त्या दिशेला निघायचं नसतं, आणि इंग्लंड तर पश्चिमेलाच. "विमान सोमवारी नेतील का, विचार की त्या रविकिरणला," ते म्हणाले. कृष्णाबाईंनी कपाळाला हात लावला. मग अप्पासाहेबांनी जुना उपाय काढला, प्रस्थान ठेवायचा. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी, चांगल्या वेळी, आपली एखादी वस्तू पुरचुंडीत बांधून शेजारी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालाच, असं धरायचं. पुढं खरोखर निघताना ती उचलून घ्यायची आणि तसंच पुढं जायचं. एकदा ठेवलेलं प्रस्थान घरात परत आणायचं नाही, आणि उचलल्यावर आपणही घरात पाऊल ठेवायचं नाही.

"ठेवा काय ठेवायचं ते," कृष्णाबाई म्हणाल्या. चौतीस वर्षांच्या संसारात त्या एवढं शिकल्या होत्या की सुपारी शेजारी जात असेल तर जाऊ द्यावी, आपल्याला तर जावं लागत नाही.

बुधवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, कृष्णाबाई न्हाणीघरात असताना, अप्पासाहेबांनी सोवळं नेसून पिवळ्या फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि एक रुपया बांधला. दोन घरं सोडून कस्तुराक्का राहायच्या, त्यांच्या देवघरात नेऊन ठेवला. कस्तुराक्का सत्तरीच्या, एकट्या, आणि रीतिरिवाजात अप्पासाहेबांचेही कान पकडतील अशा. त्यांनी समोर समई लावली.

दुपारी पाऊण वाजता रविकिरणची स्कूटर दारात थांबली.

"मिस्, तारीख आली! उद्या सकाळी नऊला. साडेचारच्या गाडीची तिकिटं काढलीत, तुमचं आणि अप्पासाहेबांचं. फाइल घ्या, पासपोर्ट घ्या, निघा."

कृष्णाबाईंनी फाइल काढली. पासपोर्ट देवघरातल्या खणात असायचा. तो तिथं नव्हता. त्यांनी अप्पासाहेबांकडे बघितलं, तर अप्पासाहेब छताचा पंखा बघत होते. पंखा बंद होता.

"अहो?"

"तारीख येईपर्यंत तो रिकामाच बसला होता," अप्पासाहेब म्हणाले.

"कुठं बसला होता?"

"आता तूच सांग, प्रस्थानात काय ठेवतात? ज्याच्याशिवाय प्रवास होत नाही ते. आजोबा काशीला निघाले तेव्हा त्यांनी उपरणं ठेवलं होतं. तुझं उपरण्यानं काय होणार? इंग्लंडला कशाशिवाय जाता येत नाही? मी विचार करून ठेवला."

रविकिरण पायरीवर मटकन बसला. "अय्यो," एवढंच म्हणाला. अठ्ठावीस देशांचे नियम त्याला पाठ होते, त्यांतल्या एकातही हे नव्हतं.

कृष्णाबाई तशाच चपला अडकवून निघाल्या. मागून अप्पासाहेब, त्यांच्या मागून रविकिरण. कस्तुराक्कांनी दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि दारातच हात आडवा धरला.

"प्रस्थान परत मागायला आलीस, कृष्णा?"

"प्रस्थान नको, अक्का. त्यातला पासपोर्ट तेवढा द्या. बाकीचं राहू दे की."

"म्हणजे गाठ सोडू? ठेवलेल्या प्रस्थानाची गाठ सोडायची? आमच्या दिरांनी ऐकलं नाही, गाठ सोडून चाव्या काढल्या. तुमकूरपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. बस बंद पडली, घरी आले. मी नाही देत."

"अक्का, पासपोर्ट नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर प्रवास नाही. मग हे प्रस्थान कशाचं?"

"ते मला ठाऊक नाही. माझ्या देवासमोर ठेवलंय, मी जबाबदार. आणि आता तर राहुकाळ चाललाय. दीड वाजेपर्यंत मी कशालाच हात लावणार नाही. स्वल्प बसा. ताक देते."

तिघं ताक पीत बसले. रविकिरण दर मिनिटाला घड्याळ बघत होता. अप्पासाहेब मान खाली घालून होते. कृष्णाबाईंना त्यांचा इतका राग आला होता की त्यांना शब्द सुचत नव्हते, आणि शिक्षिकेला शब्द सुचत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर असतं. एकतीस वर्षं ओढलेली ती रेघ दोन घरं पलीकडच्या एका देवघरात अडकली होती. समईच्या उजेडात पिवळी पुरचुंडी दिसत होती, हाताच्या अंतरावर.

दीड वाजला तेव्हा अप्पासाहेब हळूच बोलले. "एक मार्ग आहे. प्रस्थान परत घ्यायचं नाही. उचलून निघायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे आत्ता उचललंस की तू निघालीस. इंग्लंडलाच निघालीस. मद्रास वाटेत. फक्त मग रविवारपर्यंत घरात यायचं नाही."

"चार दिवस मी कुठं राहू?"

"माझ्याकडे राहा की," कस्तुराक्का म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण थांबा. इंग्लंड पश्चिमेला, आणि हे निघालेत मद्रासला. मद्रास पूर्वेला! प्रस्थान उचलून उलट्या दिशेला? छे छे. बेडा, नकोच."

अप्पासाहेबांचा चेहरा पडला. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पण आता गाडी कृष्णाबाईंच्या विषयावर आली होती.

"अक्का, पृथ्वी गोल आहे ना?"

"असेल."

"मग पूर्वेला निघालेला माणूस सरळ चालत राहिला तर शेवटी कुठून येतो? पश्चिमेकडून. इंग्लंड दोन्ही बाजूंनी येतं. एक बाजू जरा लांब पडते, एवढंच."

कस्तुराक्कांनी अप्पासाहेबांकडे बघितलं. अप्पासाहेबांनी गंभीरपणे मान हलवली. रविकिरणनंही हलवली, पण श्रीलंकेच्या प्रकरणामुळे त्याचं मत कुणी धरलं नाही.

"सरी, ठीक आहे," कस्तुराक्का म्हणाल्या. "शिकलेली आहेस, तुझ्यावर सोपवते."

उचललं की घर बंद, त्यामुळे जे काही न्यायचं ते आधीच घराबाहेर काढायला हवं होतं. रविवारपर्यंत निवांत भरायची बॅग तासाभरात भरली गेली. स्वेटर, मेथकूट, लाडू, औषधं, गरम मोजे, सगळं कस्तुराक्कांच्या हॉलमध्ये येऊन पडलं. मग कृष्णाबाईंनी स्वतःच्या घराला कुलूप लावलं, किल्ली अप्पासाहेबांकडे दिली आणि देवघरातली पुरचुंडी उचलली. कस्तुराक्कांनी हातावर दही घातलं. मागं वळून बघायचं नसतं, म्हणून कृष्णाबाई ताठ मानेनं रिक्षात बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या पंचांगाप्रमाणे निघाल्या होत्या आणि त्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं.

गाडीत त्यांनी गाठ सोडून पासपोर्ट काढला, तांदूळ झटकले, पुसला. मद्रास येईपर्यंत अप्पासाहेबांशी त्या एकच वाक्य बोलल्या, "पाणी द्या."

गुरुवारी सकाळी मुलाखतीच्या इमारतीत अर्जदारालाच आत सोडत होते. अप्पासाहेब बाहेर राहिले. कृष्णाबाई फाइल छातीशी धरून बाकावर बसल्या आणि मनात घोकत राहिल्या, घर, घर, घर. त्यांच्या पुढच्या माणसाला पाच मिनिटांत "नाही" मिळालं. तो फाइल मिटून निघून गेला.

काचेपलीकडचा गोरा अधिकारी तिशीचा असेल. उकाड्यानं लालबुंद झालेला, पण बोलायला सभ्य. त्यानं कागद बघितले, घरपट्टी बघितली, पेन्शन बघितलं. मग पासपोर्ट उघडला आणि थांबला. फोटोच्या पानावर, अगदी फोटोच्या कडेला, पिवळा डाग होता. त्यानं ते पान उजेडाकडे धरलं. त्यातून तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला.

"हे काय आहे?"

"हळद," कृष्णाबाई म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी शाळेतलं होतं, स्वच्छ आणि संथ. "आणि तो तांदूळ आहे."

"पासपोर्टमध्ये?"

आता फोटोशी कुणी खेळ केलाय असं त्याच्या मनात आलं तर संपलंच. कृष्णाबाईंनी प्रस्थान समजावून सांगितलं. वर्गात सांगावं तसं, पायरीपायरीनं. चांगली वेळ, शेजारचं घर, पुरचुंडी, उचलणं. अधिकारी हनुवटीखाली हात ठेवून ऐकत राहिला. त्याला मजा वाटत होती.

"म्हणजे तुमचा प्रवास सुरू झालाय."

"काल दुपारी."

"आणि आज इथून तुम्ही घरी जाणार."

"नाही," कृष्णाबाई म्हणाल्या. "घरी मला जाता येत नाही."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावरची मजा गेली.

"बाई, इथं बसून माझं काम एवढंच, की जो घरी परत जाईल त्यालाच पाठवायचं. तुम्ही तर इंग्लंडला पोचायच्या आधीच घरी जाता येत नाही म्हणताय. आणि तुमचे यजमानही बरोबर येत नाहीत. मी काय समजू?"

कृष्णाबाईंच्या डोळ्यांसमोर रविकिरण उभा राहिला, दोन्ही हात डोक्यावर ठेवलेला. रेघ गेली, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं. हे सगळं खोटं आहे, गंमत केली, असं म्हणून सुटावं असंही मनात आलं. पण एकतीस वर्षांत त्यांनी वर्गात "नाही" म्हणायचं ते "नाही"च म्हटलं होतं. खोटं त्यांना येत नव्हतं. मग त्यांना राग आला, या अधिकाऱ्याचा, त्या हळदीचा, आणि बाहेर उन्हात उभ्या असलेल्या नवऱ्याचा. त्या रागातच त्या बोलल्या.

"साहेब, ज्याला परत यायचं नसतं, तो मुहूर्त बघून निघतो का? तो कधीही निघतो. वार बघत नाही, वेळ बघत नाही, शेजारणीला सांगतसुद्धा नाही. हा सगळा खटाटोप जाण्यासाठी नसतोच. माणूस नीट परत यावा म्हणून असतो."

"तुमचा यावर विश्वास आहे?"

"मुळीच नाही. चौतीस वर्षं मी हसत आलेय याला."

"मग हे केलं कुणी?"

"माझ्या यजमानांनी. त्यांना स्वतःला यायचं नाही, विमानाची भीती वाटते. पण काल सकाळी थंड पाण्यानं अंघोळ करून त्यांनी माझा पासपोर्ट बांधला. मला न विचारता. मी कालपासून त्यांच्याशी बोललेली नाही. मी परत यावी म्हणून केलं त्यांनी ते. मला आत्ता, तुम्हाला सांगताना कळतंय."

अधिकाऱ्यानं तो तांदळाचा दाणा बोटानं बाजूला केला.

"परत कधी येणार?"

"नऊ जूनला, रविवारी. विमान पाचला बंगळुरात उतरतं. पण साडेचार ते सहा राहुकाळ आहे. तेव्हा सहापर्यंत मी विमानतळावर बसणार आणि मग घरी जाणार. रिक्षानं. साधारण पावणेसातला."

आता मात्र तो हसला, मोकळेपणानं. "बाई, मी इथं दोन वर्षं बसतोय," तो म्हणाला. "परतीची तारीख सगळेच सांगतात. घराच्या दारात पोचायची वेळ आजपर्यंत कुणी सांगितली नव्हती." त्यानं पेन उचललं. "दुपारी तीनला पासपोर्ट घेऊन जा."

बाहेर अप्पासाहेब रस्त्यापलीकडच्या झाडाच्या तुटपुंज्या सावलीत उभे होते. कृष्णाबाई दिसल्याबरोबर ते रस्ता ओलांडायला धावले, आणि दोन्ही बाजूंना बघायचं विसरले. एका टेम्पोनं जोरात हॉर्न वाजवला.

"दिला?"

"दिला. तीनला मिळेल."

अप्पासाहेबांनी डोळे मिटून हात जोडले. मग चष्मा काढून पुसला, बराच वेळ. "काय विचारलं?"

"परत येणार का, विचारलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"तुमचं नाव सांगितलं," कृष्णाबाई म्हणाल्या. "अहो, एवढी काळजी वाटत होती तर तोंडानं सांगायचं. पासपोर्ट कशाला बांधायचा?"

"तोंडानं काय सांगणार? जाऊ नको म्हणू? तुझी एवढी इच्छा." अप्पासाहेब चष्म्याच्या काड्या उघडझाप करत राहिले. "पण पंधरा दिवस आहेत ते, कृष्णा. चौतीस वर्षांत तू माहेरीसुद्धा चार दिवसांच्या वर राहिली नाहीस."

कृष्णाबाईंनी त्यांच्या हातातला चष्मा घेऊन पदरानं नीट पुसला आणि परत दिला. दोघं हॉटेल शोधत फुटपाथनं चालू लागली. ऊन मी म्हणत होतं.

"आता रविवारपर्यंत मी कस्तुराक्कांकडे," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी नीट जेवा. फडताळात चटणी आहे, दूध उतू घालवू नका."

"मीपण कस्तुराक्कांकडेच झोपेन म्हणतो. हॉल मोठा आहे त्यांचा."

"तुम्ही कशाला? प्रस्थान माझं उचललंय. तुम्हाला घर कुठं बंद आहे?"

"बंद नाही," अप्पासाहेब म्हणाले. "पण तू नसताना तिथं जाऊन मी करू काय?"

इंग्लंडला तर कृष्णाबाई जाणारच होत्या. पण पंधरा दिवस जरा जास्तच होतात, असं त्यांना त्या फुटपाथवर पहिल्यांदा वाटलं.